स्वरूपाचा शिंपला

टेबलावर नऊ शिंपले होते. सहा हेमालीचे, तीन मृणालचे. हेमालीच्या सहांपैकी चार कोरे, आणि दोहोंवर आतल्या बाजूने काळ्या मार्करने लिहिलेलं: एकावर 'नाव', दुसऱ्यावर 'स्वरूप'. मृणालचे तीनही अजून कोरे होते. त्यांवर काय लिहायचं ते आजच ठरायचं होतं. शिवाय फासे दोन, चहाचे कप तीन, पाण्याचा वाडगा एक. खोलीत माणसं चार. त्यातली बोलणारी तीन.

चौथी, हेमाली, खिडकीपाशी उभी होती. खुर्ची तिला दोनदा देऊन झाली होती. डावा पाय दुमडून वर घेतलेला, सगळा भार उजव्या पायावर. मृणाल आल्यापासून तिने पाय बदलला नव्हता.

काशीदला स्वप्निलच्या घरचं छोटं होमस्टे आहे. श्रावणात समुद्रात उतरायला बंदी, त्यामुळे पाहुणे नाहीत, आणि जेवणाची खोली रिकामी. गेली दोन वर्षं पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी हे चौघं तिथे खेळायला जमायचे. खेळ कल्पनेतला. मुरुडच्या शाळेत संगणक शिकवणारा सम्यक गोष्ट पुढे न्यायचा आणि बाकीचे तिघे त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचे. स्वप्निल लढवय्या, मृणाल वैद्य आणि हेमाली ही खाजणी नावाची मांत्रिक. खाजणीला हव्या त्या प्राण्याचं रूप घेता यायचं.

मंत्रांची रीत साधी होती. गोष्टीत पहाट झाली की मंत्र जाणणाऱ्याने, म्हणजे मांत्रिकाने किंवा वैद्याने, त्या दिवसापुरते मंत्र मोठ्याने म्हणून तयार करायचे. तयार केलेलेच वापरता येणार, दुसरे नाहीत. एक तयार मंत्र म्हणजे एक शिंपला. स्वप्निलची आई, नलूकाकू, तिसऱ्यांचं कालवण केलं की शिंपले घासून वाळवून यांच्या डब्यात टाकायची. मंत्राचं नाव शिंपल्यात लिहायचं. वापरला की शिंपला टेबलाच्या मध्यावर ठेवायचा आणि पुसून टाकायचा.

भांडण झालं ते पावसाळ्याच्या सुरुवातीला, खाजणीच्या रूपांवरून.

"ही पहाटे मंत्र म्हणणार, बगळा होऊन वरून मजा बघणार, आणि परत आली की सगळे मंत्र जसेच्या तसे!" स्वप्निलने टेबलावर हात आपटला होता. "आणि मी तलवार घेऊन गुडघाभर चिखलात. हा कुठला न्याय?"

"मग तूही हो ना काहीतरी," हेमाली म्हणाली होती. "म्हैस हो. फारसा बदल करावा लागणार नाही तुला."

"सम्या, हिला आवर."

"मी नाही पडत मध्ये. मृणाल, तू सांग. शास्त्रशुद्ध काय ते."

मृणाल प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, अलिबागच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. खेळापेक्षा असले प्रश्न तिला जास्त आवडत. रूप बदललं म्हणजे नेमकं काय काय बदलतं? तिने मन लावून विचार केला, आणि पुढच्या रविवारी नियम सांगितले. बगळ्याला कंठ असतो, शब्द नसतात. तेव्हा पक्ष्याच्या रूपात नवा मंत्र तयार करता येणार नाही. आधी तयार केलेले मात्र राहतील, कारण आठवण काही पिसांत नसते. पण त्याच रूपात पहाट झाली, तर जुन्यातला एक मंत्र गळेल. कोणता ते फासा ठरवील. माणसात परत येणं हासुद्धा एक मंत्रच, 'स्वरूप'. त्याला आवाज लागणार नाही, पण शिंपला ज्याचा त्यानेच उचलून मध्ये ठेवायचा. दुसऱ्या माणसाने हात लावून उपयोग नाही.

"आणि दोघं बगळे झाले तर?" स्वप्निलने विचारलं होतं.

"एका थव्यातले असतील तर एकमेकांना शिंपला देऊ शकतील," मृणाल म्हणाली होती. "पक्षी देतात एकमेकांना खाणं."

शेवटची दोन कलमं तिने नीटनेटकेपणाच्या हौसेने घातली होती. दुसऱ्या रूपात असलेल्याने टेबलावर बोलायचं नाही. आणि एकदा ठरलेलं काही बदलायचं, तर चौघांनीही तोंडाने 'मान्य' म्हटलं पाहिजे.

"म्हणजे मी बगळा असेपर्यंत गप्प?" हेमालीने डोळे मोठे केले होते. "एवढंच? मान्य! मान्य! मान्य!"

"ही गप्प बसली तर मी गावजेवण घालीन," स्वप्निल म्हणाला होता.

त्यानंतर खाजणी बगळा झाली आणि समुद्रातल्या शत्रूच्या किल्ल्यावर टेहळणीला गेली. सम्यकची पद्धत अशी, की प्रत्येक रविवारचा खेळ पहाटेपाशी थांबवायचा. पहिल्या पहाटे फाशाने 'आग' काढली. हेमालीने खांदे उडवले, हाताने खूण केली: राहू दे, अजून टेहळणी करते. तिला ते गप्प राहणं भलतंच आवडलेलं दिसत होतं. जाताना ती कुणाशी बोलली नाही, तेव्हा सगळे हसले.

त्या आठवड्यात तिने शिजवलेलं अन्न खाणं सोडलं. हेमाली रेवदंड्याच्या किराणा दुकानदाराच्या घरची. अंड्याचा वाससुद्धा तिला चालत नसे. पुढच्या रविवारी नलूकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आली ती पदराने हात पुसत, हळू आवाजात बोलत. "गो मृणाल, मी टोपात मांदेली धुऊन ठेवलेली. कच्ची. त्या पोरीनं उभ्याउभ्या खाल्ली. अख्खी, काट्यासकट. तुझ्या खेळात असं करायचं असतंय काय?"

दुसऱ्या पहाटे 'बंध' गेला. त्यानंतर हेमाली काही म्हणजे काही बंद करीनाशी झाली: दुकानाचं शटर, घराचं दार, नळ. तिसऱ्या पहाटे 'वाट' गेली, आणि त्या रविवारी ती स्कूटरशिवाय आली. साळावच्या पुलावरून तिला कोणी येताना पाहिलं नव्हतं. मांडीपर्यंत खाडीचा चिखल वाळलेला, आणि वर सलवार कोरडी, पांढरीशुभ्र.

मृणालने केसरबेनला, हेमालीच्या आईला, फोन केला.

"अगं, चातुर्मासाचं मौन धरलंय छोकरीने," केसरबेन कौतुकाने म्हणाल्या. "एवढी बडबडी पोरगी, बघ! शेजारणी विचारतात, कुठल्या महाराजांकडे जाते? अंग जरा गरम लागतं, ते डॉक्टरला दाखवलं. सगळे रिपोर्ट चोख आले."

अंग गरम होतंच. नलूकाकूच्या तापमापकाने मृणाल दर रविवारी मोजत होती. शिंपले कमी होत गेले तसा आकडा वर चढत गेला: अडतीसच्या आसपास, मग एकोणचाळीस, मग त्याच्याही वर. थंडी नाही, ग्लानी नाही, अंगदुखी नाही. डोळे स्वच्छ आणि टक्क उघडे. माणसाला एवढ्यावर उभं राहवत नाही. बगळ्याच्या अंगाला मात्र चाळीसच्या वरची ऊब रोजचीच, हे मृणालने मुलांना वर्गात शिकवलेलं होतं.

तेव्हा त्यांनी खेळ बंद केला. शिंपले डब्यात घातले, डब्याला दोरी बांधली, नलूकाकूने तो देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला. एक रविवार कोणी जमलं नाही. दोरी सोडली तेव्हा 'उजेड' लिहिलेला शिंपला कोरा होता. पुसल्याचा डाग नाही, शाईची रेघ नाही. घरी हेमाली दिवे लावत नाही, दिवस मावळला की आहे तिथे उभी राहते, असं केसरबेन त्याच आठवड्यात सांगत होत्या. त्यांच्या आवाजातलं कौतुक कमी झालं होतं.

मग नियम बदलायचं ठरलं. तिघांनी 'मान्य' म्हटलं आणि हेमालीकडे पाहिलं. तिने मान वाकडी करून एका डोळ्याने तिघांकडे पाहिलं. 'स्वरूप'चा शिंपला तिच्यापुढे सरकवला, तर तिने तो बोटाने एकदा टोचला, उलटा केला, आत मांस नाही असं पाहून सोडून दिला. स्वप्निलने तिचा हात धरून तो मध्ये ठेववला. काही झालं नाही. हात मात्र त्याने झटक्यात सोडला. "तवा आहे तवा," तो म्हणाला.

आज तापमापकाने ४०.६ दाखवले होते. दोन शिंपले उरले होते. आजच्या पहाटे त्यातला एक जाणार होता, खेळले तरी आणि न खेळले तरी.

"हेमाली," मृणालने हाक मारली.

खिडकीतली मान किंचित वळली. 'नाव' अजून होतं.

"माझ्याकडे तीन शिंपले," मृणाल दोघांना सांगू लागली. तिचा आवाज वर्गात असतो तसा होता. "पहिल्यावर 'रूप'. मी बगळा होणार आणि किल्ल्यावर जाणार. उरलेल्या दोन्हींवर 'स्वरूप'. पोचेपर्यंत पहाट होणार, म्हणजे त्यातलं एक गळणार. एक राहील."

"सम्या, किल्ला जवळ आण ना जरा!" स्वप्निल म्हणाला. "तुझ्याच डोक्यातला किल्ला आहे."

सम्यकने चष्मा काढला. "अंतर मी पहिल्या दिवशी सांगितलंय आणि चौघांनी मान्य केलंय. काल घरी आरशासमोर म्हणून बघितलं, किल्ला जवळ आहे म्हणून. ओठ हलतात. आवाज येत नाही."

मृणालने हेमालीचे दोन लिहिलेले शिंपले पुढे ओढले.

"हेमालीचेही दोन," मृणाल पुढे म्हणाली. "फासा सम पडला तर 'नाव' गळेल, 'स्वरूप' राहील. मग तिचं एक, माझं एक. दोघी येऊ."

"पण ती शिंपला ठेवायची कशी? तिला कळतंय कुठे?"

"माणसाने दाखवून कळत नाही. थव्यात एक जे करतो ते दुसरा करतो. मी तिच्या थव्यातली झाले, आणि तिच्यासमोर शिंपला उचलून मध्ये ठेवला, की ती ठेवील. बगळे मासे पकडायलाही असेच शिकतात."

"आणि विषम पडला तर?"

"तर शिंपला एक, आणि बगळे दोन."

स्वप्निल उभा राहिला. "मग मी जातो. बोंब मीच मारली होती."

"तू लढवय्या आहेस. तुला मंत्र नाहीत."

"दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं वाईट वाटतंय," स्वप्निल म्हणाला आणि पुन्हा बसला. "मृणे, निम्मी शक्यता म्हणजे काय ते तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं. कळतं ना?"

"नियम मी केलेत, स्वप्निल." तिने मार्कर उघडला. "ते चुकीचे नव्हते. फक्त ते कोणावर तरी लागू होतील, हे मी धरलं नव्हतं."

तिने तिन्ही मंत्र मोठ्याने, सावकाश म्हटले आणि एकेक शिंपला लिहिला. मग 'रूप'चा उचलून टेबलाच्या मध्यावर ठेवला. पुसायला फडका घेतला, तर शाई आधीच गेलेली होती.

"तू पाण्यावरून निघालीस," सम्यक म्हणाला. त्याचा आवाज दरवेळच्यासारखा नाटकी नव्हता. तो खाली मान घालून, वाचून दाखवावं तसं सांगत होता. "भरती आहे. किनारा मागे पडला."

पहिल्यांदा मृणालच्या लक्षात आलं ते हे, की तिला दोन्ही बाजूंच्या भिंती एकाच वेळी दिसत आहेत. मान न वळवता. समोरचं मात्र अरुंद झालं होतं, आणि त्या अरुंद पट्टीत सगळं भयंकर स्पष्ट होतं: वाडग्यातल्या पाण्यावरची धूळ, सम्यकच्या मनगटावरचा एक केस. चहाचा वास येईनासा झाला. स्वतःला तपासायचं म्हणून तिने शिंपले मोजले. नऊ. पुन्हा मोजले. नऊ. ठीक.

नलूकाकू भज्यांची ताटली घेऊन आत आली. "घे गो मृणाल, गरम हाय तोवर." मृणाल बोलली नाही तशी ती थबकली, तिने खिडकीतल्या हेमालीकडे पाहिलं आणि पुन्हा हिच्याकडे. "तूबी?" एवढंच म्हणाली. ताटली तिच्या हातातच राहिली. ती दारापाशी खाली बसली.

"किल्ला दिसतोय," सम्यक म्हणाला. "तटावर एक बगळा उभा आहे. तू त्याच्या शेजारी उतरलीस. आता..." त्याने फासा हातात घेतला. "आता पहाट होते आहे."

मृणालच्या समोरच्या दोन शिंपल्यांपैकी डावीकडच्यावरची शाई आत मुरली. ओल्या वाळूत पाणी मुरावं तशी, कडेकडून मध्याकडे. फासा लागलाच नाही. दोन्ही सारखेच होते.

मग सम्यकने हेमालीसाठी फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळला, वाडग्याला लागला, थांबला. मृणालला वरचे ठिपके दिसले. ते मोजायला तिला पूर्वी वेळ लागत नसे. आता ती एकेक करून गेली. एक, एक, एक, एक, आणि मध्ये आणखी एक.

"पाच," स्वप्निल म्हणाला. "पाच आहे रे. सम्या, पाच."

हेमालीचा 'स्वरूप'चा शिंपला कोरा झाला होता.

कोणी काही बोललं असावं. मृणालला आवाज ऐकू येत होते, पण त्यांच्यात पूर्वीसारखा उठाव नव्हता. लाटा, बाहेरची सुरूची झाडं, माणसं, सगळं एकाच पातळीवर. खिडकीशी ती दुसरी उभी होती. पांढरी. तिच्या शेजारी जागा होती. तिथे गेलं तर बरं वाटेल, एवढं मृणालला कळलं आणि ती गेली. दोघी उभ्या राहिल्या. कुठे जायचं नव्हतं. ओहोटी लागेल, मग चिखल उघडा पडेल, मग खायला मिळेल. यात भिण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हे कळल्यावर तिच्या आत कुठेतरी जी मृणाल अजून नऊपर्यंत मोजू शकत होती, तिला जन्मात वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

शिंपला तिच्या मुठीत होता. तो आणल्याचं तिला आठवत नव्हतं. आत तीन अक्षरं होती. ती काय आहेत हे आता वाचता येत नव्हतं, पण ती कशासाठी आहेत हे अजून माहीत होतं. टेबल दोन पावलांवर होतं. शिंपला मध्ये ठेवला की झालं. फासा, नियम, हिशेब, सगळं तिच्या बाजूने होतं. शिंपला तिचाच होता.

शेजारची मान वळली. एक डोळा. पिवळा नव्हता अजून, तपकिरी होता.

मृणालने शिंपला तिच्या हातात दिला. दुसरीने तो घेतला, चाचपला, आत मांस शोधलं. ती तो टाकणार, एवढ्यात मृणाल टेबलाशी गेली. तिने तिथला एक कोरा शिंपला उचलला. मान ताठ करून, सावकाश, मासा मांडून दाखवावा तसा तो मध्यावर ठेवला आणि मागे सरली.

दुसरी पाहत राहिली. मग तीही आली, आणि तिच्या हातातला शिंपला तिने त्याच्या शेजारी ठेवला.

"आई गं!" हेमाली टेबलाची कड धरून खाली बसली. "पाय! पाय मेला माझा, मुंग्याच मुंग्या... काय बघताय सगळे? माझ्या तोंडाला हा कसला वास येतोय? स्वप्न्या, काय खायला घातलंस मला?"

स्वप्निल रडत होता. नलूकाकू दारापाशीच बसून, भज्यांची ताटली मांडीवर घेऊन, पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बोलली गो पोर, बोलली."

"आणि ही काय करतेय?" हेमालीने विचारलं. "मृणाल? ए मृणाल. मृणाल!"

खिडकीशी उभ्या असलेल्या मृणालने मान वळवली नाही. तिने डावा पाय दुमडून वर घेतला होता. तिचे तीनही शिंपले टेबलावर होते, तीनही कोरे. हेमाली उठली, लंगडत तिच्यापाशी गेली, दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि हात मागे घेतले.

सम्यकने 'मान्य' म्हटलं. स्वप्निलने म्हटलं. हेमालीने तीनदा म्हटलं. मग तिघेही खिडकीकडे पाहत थांबले. बाहेर ओहोटी लागली होती.

शेवटी नलूकाकूनेच तापमापक आणला. तो आधी हेमालीच्या काखेत ठेवला, मग पुसून मृणालच्या. सम्यकने उजेडात धरून दोन्ही वेळा आकडा वाचला.

हेमाली ३६.८.

मृणाल ४१.२.